परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक प्रा. गो. पु. देशपांडे आणि आपले विद्यार्थी

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कार्यकारिणीला कळविला तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी आम्हास विचारले, "परराष्ट्र धोरण? आपल्या अक्कलकोटात?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. आम्ही बँकेतील एक कारकून. शिक्षण म्हणाल तर कला शाखेची पदवी. परराष्ट्र खात्याशी आमचा संबंध वर्तमानपत्रापुरता. तेव्हा अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा मुळीच दावा नाही. वाचलेले, समजलेले आणि आपल्या मुलांच्या उपयोगाचे वाटलेले चार शब्द आपल्यापुढे ठेवावेत, एवढाच हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. परराष्ट्र धोरण ही दिल्लीतील मोठ्या लोकांची गोष्ट आहे, असे आपण मानतो. ते दिल्लीत ठरते हे खरे; पण उतरते ते आपल्या बाजारात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती बंदी मे २०२४ मध्ये उठविली. त्या महिन्यांत सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला निर्यात म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागले नाही. आपल्या भागात तूर पिकते. तुरीच्या आयातीसाठी भारताने २०१६ साली आफ्रिकेतील मोझांबिक या देशाशी करार केला आणि पाच वर्षांत ती वर्षाला २ लाख टनांपर्यंत नेण्याचे ठरले. मोझांबिक कोठे आहे हे आपल्यापैकी किती जणांना नकाशावर दाखविता येईल? पण तेथील तुरीचा आणि आपल्या शिवारातील तुरीच्या भावाचा संबंध आहे. पीककर्जाचा हप्ता का थकला, हे काउंटरपलीकडचा शेतकरी सांगू लागतो तेव्हा पावसाबरोबर परदेशाचेही नाव त्याच्या हिशेबात असते, फक्त ते त्याला ठाऊक नसते. आम्हाला हा विषय घ्यावासा वाटला तो या खिडकीत बसूनच.

आता ज्यांच्याविषयी बोलायचे त्या अभ्यासकाकडे वळू.

प्रा. गोविंद पुरुषोत्तम देशपांडे यांना मराठी माणूस ओळखतो तो नाटककार म्हणून. 'उद्ध्वस्त धर्मशाळा', 'अंधारयात्रा', 'चाणक्य विष्णुगुप्त', 'सत्यशोधक', 'रस्ते' ही त्यांची नाटके. पण त्यांचा चरितार्थाचा आणि आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय वेगळाच होता. तो विषय म्हणजे चीन. चीनचे राजकारण आणि चीनचे परराष्ट्र धोरण. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे जे विद्यालय आहे, त्यातील पूर्व आशियाई अभ्यास केंद्रात त्यांनी अनेक दशके अध्यापन केले. मित्र आणि विद्यार्थी त्यांना 'जीपीडी' म्हणत. महाराष्ट्राने नाटककार डोक्यावर घेतला, पण अभ्यासक दिल्लीतच राहिला. आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या देशपांड्यांविषयी.

त्यांचा जन्म १९३८ साली नाशिकला झाला. वाढले ते सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे. रहिमतपूर हे गाव आपल्या अक्कलकोटाहून काही फार मोठे नव्हे. पुढे दिल्लीत प्राध्यापक झाल्यावर, चीनवर इंग्रजीत ग्रंथ लिहिल्यावरही त्यांनी आपल्या मराठी लेखसंग्रहाला नाव दिले 'रहिमतपूरकरांची निबंधमाला'. गावाचे नाव त्यांनी पुसून टाकले नाही. लहान गावातून आलो म्हणून जगाविषयी बोलण्याचा अधिकार कमी होत नाही, हे विद्यार्थी मित्रांनी येथेच लक्षात घ्यावे.

त्यांनी चीन हा विषय घेतला तो काळ समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्राला चिनी भाषेची ओळख झाली ती बुद्धामुळे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे पंडित पु. वि. बापट यांनी १९३७ साली 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. यांपैकी पहिला ग्रंथ चिनी भाषांतरात टिकून राहिला होता. म्हणजे बुद्धाच्या धम्माचा एक ठेवा वाचण्यासाठी मराठी पंडिताला चिनी लिपी शिकावी लागली. आपल्या सोलापूरचा पुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच सेवा करता करता मरण पावला. असे हे जुने नाते होते. १९६२ साली युद्ध झाले आणि नात्याचा रंगच पालटला. ज्या देशाशी आपण लढलो, त्या देशाचे वर्तमानपत्र मूळ भाषेत वाचू शकणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत, हे तेव्हा ध्यानात आले. आधुनिक चीनच्या अभ्यासाला भारतात खरी चालना मिळाली ती या धक्क्यानंतर. १९५५ साली स्थापन झालेली दिल्लीची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था १९७० साली नव्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. देशपांडे यांची पिढी या घडामोडीतून तयार झाली.

हा अभ्यास चालतो कसा, हे जरा सविस्तर सांगतो. त्या काळी भारतीय अभ्यासकाला चीनमध्ये जाऊन हिंडणे, लोकांशी बोलणे जवळजवळ अशक्य होते. दोन्ही देशांचे राजदूतही सुमारे १५ वर्षे एकमेकांच्या राजधानीत नव्हते. मग साधन काय? साधन म्हणजे छापील कागद. चिनी कम्युनिस्ट पक्षाचे दैनिक, नेत्यांची भाषणे, पक्षाचे ठराव, दुसऱ्या देशांशी केलेल्या करारांचे मसुदे. या कागदांतला शब्द न् शब्द पारखायचा. गेल्या वर्षी एखाद्या देशाला 'बंधू' म्हटले होते, यंदा नुसते 'मित्र' म्हटले, तर काहीतरी बिनसले आहे. एखादी घोषणा बारा महिने पहिल्या पानावर होती आणि एके दिवशी गुपचूप नाहीशी झाली, तर धोरण बदलले आहे. समारंभात नेत्यांची नावे कोणत्या क्रमाने छापली, यावरून कोण चढला आणि कोण उतरला हे ओळखायचे. हे काम आमच्या धंद्यातील माणसाला चटकन समजते. खातेवही बोलत नाही. पण नोंदींवर नोंदी ताडून पाहिल्या की कोठे पाणी मुरते आहे ते दिसते. त्याला चिकाटी लागते आणि मुख्य म्हणजे ज्या भाषेत वही लिहिली आहे ती भाषा यावी लागते.

अशा अभ्यासातून देशपांडे यांनी १९७१ साली चीनच्या सांस्कृतिक क्रांतीवर, भारतातून ती कशी दिसते या अंगाने, इंग्रजीत पुस्तक लिहिले. क्रांती तेव्हा चालूच होती. पुढे १९८६ साली ह. कु. गुप्ता यांच्यासमवेत त्यांचा महत्त्वाचा ग्रंथ मुंबईहून प्रसिद्ध झाला. विषय होता चीनचे आफ्रिकेतील परराष्ट्र धोरण, आणि नाव होते साम्राज्यवादाविरुद्धची संयुक्त आघाडी.

मित्रहो, येथे थोडे थांबू, कारण परराष्ट्र धोरण म्हणजे काय हे चीन-आफ्रिकेच्या उदाहरणावरून फार चांगले समजते. १९५५ साली इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया आणि आफ्रिका खंडांतील २९ देशांची परिषद भरली. गोऱ्या सत्तांच्या जोखडातून सुटलेले आणि सुटू पाहणारे हे देश. तेथून चीनने आफ्रिकेकडे लक्ष वळविले. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी १९६३ च्या अखेरीस आणि १९६४ च्या आरंभी आफ्रिकेचा मोठा दौरा केला. टांझानिया आणि झांबिया या दोन देशांना जोडणारी सुमारे १८६० किलोमीटरची रेल्वे चीनने १९७० ते १९७५ या काळात बांधून दिली, तीही बिनव्याजी कर्जावर. झांबियाचे तांबे समुद्रापर्यंत नेण्यासाठी वर्णद्वेषी गोऱ्या राजवटींच्या प्रदेशातून जावे लागू नये, हा तिचा हेतू. पाश्चात्त्य देशांनी हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून नाकारला होता. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ज्या प्रकरणाला सर्वांनी नकार दिला, ते चीनने मंजूर केले. त्याची परतफेड केवळ पैशात झाली नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात चीनला जागा मिळाली, त्यात आफ्रिकी देशांची मते मोलाची ठरली.

आता दुसरी बाजू पाहा. १९७५ साली अंगोला स्वतंत्र झाला. तेथे सत्तेसाठी तीन गट लढत होते. एका गटाला रशिया आणि क्यूबाचा पाठिंबा होता. चीनचे तोवर रशियाशी वैर जडले होते, म्हणून त्याने विरोधी गटांना मदत केली. त्याच गटांच्या बाजूने दक्षिण आफ्रिकेचे वर्णद्वेषी सरकार सैन्यासह उतरले. म्हणजे साम्राज्यवादाविरुद्ध आघाडी उभारायला निघालेला चीन वर्णद्वेष्ट्यांच्या बाजूलाच उभा असल्याचे जगाला दिसले. चीनने आपले लष्करी प्रशिक्षक काढून घेतले, पण व्हायची ती नामुष्की झाली. घोषणा एक आणि पाऊल दुसरे, असे का होते? विचारसरणी कोठे संपते आणि राष्ट्राचा स्वार्थ कोठे सुरू होतो? चीनचे आफ्रिका धोरण अभ्यासायला घेणाऱ्याला हा प्रश्न टाळताच येत नाही. आणि तो प्रश्न देशपांडे यांच्यासारख्या, चिनी क्रांतीविषयी आस्था असलेल्या माणसाने हाती घ्यावा, याला आम्ही फार महत्त्व देतो. शत्रूचे दोष कोणीही शोधतो. ज्याच्याविषयी आपुलकी आहे त्याचे कागद उघडून बसायला धैर्य लागते.

येथे काही सभासदांच्या मनात एक शंका असेल. ती उघडपणे बोललेली बरी. देशपांडे डाव्या, मार्क्सवादी विचाराचे. आपण बाबासाहेबांचे अनुयायी. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करून आपला मार्ग स्पष्ट केला आहे. मग आपल्या व्यासपीठावर या माणसाची चर्चा कशासाठी?

याचे उत्तर बाबासाहेबांकडूनच घेऊ. परराष्ट्र धोरण हा बाबासाहेबांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. परंतु केंद्रीय मंत्रिमंडळात असताना त्यांना परराष्ट्र व्यवहार समितीवर किंवा संरक्षण समितीवर घेतले गेले नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि १० ऑक्टोबरला त्यामागील कारणांचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात ही तक्रार आहे, आणि परराष्ट्र धोरणावरील असमाधान हे राजीनाम्याचे एक कारण म्हणून स्पष्ट नोंदविले आहे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेला, जगाच्या अर्थकारणाचा एवढा मोठा पंडित. पण देशाने जगाशी कसे वागावे हे जेथे ठरत होते, त्या दालनाचे दार त्याला बंद राहिले! ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

त्या निवेदनात बाबासाहेबांनी परराष्ट्र धोरणाचा जणू ताळेबंदच मांडला. देशाचा वार्षिक महसूल ३५० कोटी रुपये. त्यातील सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. निम्म्याहून अधिक! अडचणीच्या वेळी धावून येईल असा मित्र आपण जोडला नाही, म्हणून हा बोजा एकट्याने उचलावा लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण पद्धत पाहा. आधी आकडा, मग युक्तिवाद, मग निष्कर्ष.

पुढे एप्रिल १९५४ मध्ये तिबेटविषयी भारत-चीन करार झाला. त्याच्या प्रस्तावनेत पाच तत्त्वे होती: एकमेकांच्या प्रादेशिक अखंडतेचा व सार्वभौमत्वाचा आदर, आक्रमण न करणे, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व परस्पर लाभ, आणि शांततामय सहजीवन. या पाच तत्त्वांना नाव मिळाले पंचशील. आपण प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी जे पंचशील ग्रहण करतो, त्याचेच हे नाव. आपले पंचशील माणसाच्या आचरणाचे आहे. ते दोन सरकारांमधील होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. पंचशील हा बौद्ध धम्माचा महत्त्वाचा भाग आहे. माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळ्या रीतीने वागविले असते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ल्हासाचा ताबा चीनला घेऊ देऊन आपण चीनची हद्द आपल्या हद्दीपर्यंत आणून ठेवली, असाही इशारा त्यांनी दिला. तो करार आठ वर्षांचा होता. जून १९६२ मध्ये त्याची मुदत संपली आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झाले. ते पाहायला बाबासाहेब हयात नव्हते.

आता देशपांडे यांचे स्थान पाहा. चीनकडे केवळ वैरी म्हणून पाहू नये, त्याची क्रांती आणि त्याचा समाज आतून समजून घ्यावा, असे मानणाऱ्या अभ्यासकांपैकी ते होते. भारत-चीन संबंधांना पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने अलका आचार्य यांच्यासमवेत त्यांनी संपादित केलेला इंग्रजी ग्रंथ २००१ साली निघाला. बाबासाहेबांचा इशारा आणि देशपांडे यांची आस्था यांत अंतर आहे, ते झाकण्याचे कारण नाही. आमचे स्वतःचे मत विचाराल तर १९५४ साली बाबासाहेबांनी पाहिले ते अधिक खरे ठरले. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले, तेव्हाही त्या भाषणाची आठवण अनेकांना झाली. पण म्हणूनच चीन वाचता येणारा माणूस आपल्याला अधिक हवा. ज्याच्यापासून सावध राहायचे त्याची भाषाच येत नसेल, तर सावध राहणार कसे? बाबासाहेबांचा इशारा मनापासून मानणाऱ्याने देशपांडे यांच्या मार्गाने अभ्यास केला पाहिजे. निष्कर्ष त्याचे त्याने काढावेत.

आणखी एक गोष्ट. या चीनच्या अभ्यासकाने महात्मा जोतीराव फुले यांच्यावर 'सत्यशोधक' हे नाटक लिहिले. २०१२ साली अतुल पेठे यांनी ते रंगभूमीवर आणले तेव्हा त्यात पुणे महानगरपालिकेचे सफाई कामगार भूमिका करीत होते. जोतीरावांच्या निवडक लेखनाचा इंग्रजी ग्रंथही देशपांडे यांनी २००२ साली संपादित केला. जोतीराव केवळ समाजसुधारक नव्हते, समग्र विचारव्यूह मांडणारे तत्त्वज्ञ होते, अशी त्यांची मांडणी होती. दिल्लीत बसून चीन-आफ्रिका अभ्यासणाऱ्याला जोतीराव का आठवावेत? आम्हाला यात नवल वाटत नाही. स्वतः जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. पुण्यात राहून त्यांना अमेरिकेतील गुलामाचे दुःख आपले वाटले. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. जगाकडे पाहणे ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. मधल्या काळात आपणच ती बाजूला ठेवली.

कोणी म्हणेल, हे देशपांड्यांना जमले, आपल्या मुलांना कसे जमावे? त्यासाठी आणखी एक नाव सांगतो. के. आर. नारायणन. केरळातील खेड्यात, दलित कुटुंबात, अत्यंत गरिबीत जन्म. शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकले, १९४९ साली परराष्ट्र सेवेत आले. भारत-चीन राजदूतांची देवाणघेवाण सुमारे १५ वर्षांनी पुन्हा सुरू झाली, तेव्हा १९७६ साली बीजिंगला राजदूत म्हणून गेले ते हेच नारायणन. १९७९ साली ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. देशपांडे तेथेच शिकवीत होते. १९९७ साली नारायणन राष्ट्रपती झाले. जे दालन बाबासाहेबांना बंद राहिले, त्यातून आपल्यातलाच एक माणूस मान वर करून चालत गेला. दार आता बंद नाही. प्रश्न आहे तो आपण त्या दाराशी जातो की नाही, याचा.

विद्यार्थी मित्रहो, आता थोडे तुमच्या व्यवहाराचे. पहिली अडचण तुम्ही सांगाल ती भाषेची. आमचे म्हणणे उलट आहे. अक्कलकोटचे मूल घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गल्लीत उर्दू-हिंदी ऐकत वाढते. दहाव्या वर्षापर्यंत तीन भाषांशी त्याची सलगी होते. पुण्या-मुंबईच्या किती मुलांना हे भाग्य आहे? सीमेवरच्या माणसाला दुसऱ्याची भाषा परकी वाटत नाही, आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पहिली पायरी हीच. चिनी वर्तमानपत्र वाचायला साधारण तीन हजार अक्षरचित्रे यावी लागतात असे म्हणतात. रोज दहा शिकली तर तीनशे दिवस. विसरण्याची सूट धरून दोन वर्षे म्हणा. हिशेब अवघड आहे, अशक्य नाही.

दुसरी अडचण पैशाची. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पुण्याची बार्टी ही संस्था पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. नेहरू विद्यापीठात चिनी, जपानी, कोरियन या भाषांचे पदवी अभ्यासक्रम बारावीनंतर आहेत. अटी आणि मुदती बदलत असतात. त्या वेळेवर पाहाव्यात, कागदपत्रे आधी जमवून ठेवावीत. जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांच्यासाठी शेवटच्या आठवड्यात धावाधाव करणारी मुले आणि पालक आम्ही पाहतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तिसरी अडचण पालकांची. "हे शिकून नोकरी कोठे?" परराष्ट्र सेवा आहे, प्राध्यापकी आहे, पत्रकारिता आहे, भाषांतर आहे, निर्यात करणाऱ्या कंपन्या आहेत. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात. त्या गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस कारखानदाराला नको का? आमची पालकांना विनंती आहे की स्थिर नोकरी ही चांगलीच गोष्ट आहे, आम्ही स्वतः तिच्यावरच संसार केला. पण घरातील सर्वांत हुशार मुलाला किंवा मुलीला एवढ्याच मापाने मोजू नये. मुलींना तर नाहीच नाही.

संस्थेलाही दोन सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या वाचनालयात जगाचा एक मोठा, चांगला नकाशा लावावा आणि त्याखाली रविवारी तासभर मुलांनी आठवड्याच्या बातम्या वाचाव्यात. ज्या देशाचे नाव येईल त्यावर बोट ठेवावे. दुसरे असे की जपान, थायलंड, श्रीलंका, म्यानमार या बौद्ध देशांशी आपला धम्माचा संबंध आहे. तेथील भिक्खू कधी आपल्या भागात येतात, आपण वंदन करतो, छायाचित्रे काढतो. पण त्यांच्या देशाविषयी त्यांच्याच भाषेत दोन प्रश्न विचारणारा आपल्यात कोणी नसतो. दुभाष्याच्या तोंडून जग ऐकणारा समाज दुसऱ्याच्या मतावर चालतो. म्हणून दरवर्षी एका तरी विद्यार्थ्याच्या परदेशी भाषेच्या शिक्षणाचा खर्च संस्थेने उचलावा. त्यासाठी निधी सुरू होणार असेल तर आमचा वाटा आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे देऊ.

प्रा. देशपांडे १६ ऑक्टोबर २०१३ रोजी पुण्यात वारले. त्यांची नाटके मराठीत आहेत, चीनवरचे संशोधन मात्र इंग्रजीत राहिले. ते मराठीत आणण्याचे, त्यावर टीका करण्याचे, त्याच्या पुढे जाण्याचे काम कोणीतरी करायचे आहे. ते काम करणारा किंवा करणारी कदाचित आज याच सभागृहात, हातात पुष्पगुच्छ घेऊन पहिल्या रांगेत बसली असेल. चीन काय म्हणतो हे तिने दुभाष्याशिवाय वाचावे आणि भारताने काय करावे हे न भिता सांगावे, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

नमो बुद्धाय! जयभीम!